चिंचोळीतली रोहिणी

वेळ अमावस्येला मी यंदाही वळसंगला गेले होते. गावात तिला येळवस म्हणतात. या दिवसांत जोंधळा पोटरीत आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडईचं पान हाताला टोचू लागतं, आणि सगळं गाव जेवणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन रानात उतरतं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, आत चुन्याने रंगवलेले दगड, त्यांच्यापुढे भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आणि मडक्यात आंबील. आमची भज्जी म्हणजे ओले दाणे आणि रानातल्या भाज्या एकत्र शिजवून केलेली दाटसर भाजी. ती वर्षातून याच एका दिवशी खरी लागते. चुलतभाऊ आंबील शिंपडत शेताला फेरी मारत होता आणि मी बांधावर बसून होते. त्याची बायको, पार्वतीवैनी, वाढायला आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "यंदा बी एकट्याच आलाव व्हय, ताई?" मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी माझ्या पानात भज्जीचा आणखी एक डाव घातला. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

माझा मोठा भाऊ अण्णा कामापायी येळवसला क्वचितच यायचा; तो गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्याविषयी मला लिहायचं आहे, म्हणून बसले आहे. हळूहळू लिहिते. दिवसाला एखादा परिच्छेद होतो, काही दिवशी तोही खोडला जातो.

सोलापूरचा हिवाळा अगदी थोडा. सकाळी अंगावर शाल असते आणि अकरा वाजता ती कुठे ठेवली ते आठवत नाही. पण त्या थोड्या दिवसांत उजेड बदलतो. उन्हाळ्यात आमच्याकडे उजेडाकडे बघवत नाही. हिवाळ्यात तो कोरडा आणि स्वच्छ होतो, लांबचं झाड पान न् पान वेगळं दिसतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शेडला वर पत्र्यांच्या मध्ये दोन पारदर्शक पत्रे आहेत. त्यांतून हा उजेड फरशीवर उतरतो आणि दिवसभर सरकत राहतो. त्या हिवाळ्यात मी त्या सरकणाऱ्या पट्ट्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आहे. शेडमध्ये तेव्हा त्याच्याइतक्याच हळू सरकणारी आणखी एक वस्तू होती.

आमचं मूळ काम मागांचं. टॉवेल विणणाऱ्या मागांच्या, साखर कारखान्यांच्या मोटारी किती आणि कशा फिरायच्या हे ठरवणारी पॅनेलं आम्ही बनवायचो. मोटारी अण्णाच्या, संगणकाचे प्रोग्राम माझे. मग एका वेधशाळेचं काम आलं. उत्तरेकडे, लांब एका डोंगरावर, मोठी दुर्बीण उभी राहायची होती. तिचा आरसा दुसरीकडे घडत होता. आमच्या वाट्याला आलं ते तिचं फिरणं. खालची भली मोठी चकती डावी-उजवीकडे फिरते, तिच्यावरच्या दोन खांबांमधली चौकट वर-खाली झुकते. या दोन चाली सांभाळणाऱ्या मोटारी, आणि मोटारींना हुकूम देणारा प्रोग्राम, एवढं आम्ही करायचं होतं. आरशाच्या जागी आम्ही आरशाच्याच वजनाच्या लोखंडी प्लेटा बोल्टने आवळल्या. दुर्बीण होती, पण तिला डोळा नव्हता, आणि तिच्यावर आकाशाऐवजी पत्रा होता.

मग ती बघणार काय? तारा मी लिहिला. त्या डोंगरावरून अमुक वेळी तो तारा कुठे दिसेल, पुढच्या क्षणी कुठे, त्याच्या पुढच्या क्षणी कुठे, हे प्रोग्राम सांगत राहायचा आणि यंत्राने त्याच्या मागे जायचं. मी रोहिणी निवडली, कारण अण्णाला आकाशात ओळखू येणारा तो एकच तारा होता. बाकी सगळ्यांना तो 'ते दुसरे' म्हणायचा. आम्ही संगणकाला सांगून ठेवलं होतं की आता रात्र आहे. बाहेर चिंचोळीच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या आहेत, शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली आहे, आणि आत पत्र्याखाली आमची आंधळी दुर्बीण दुसऱ्याच कुठल्या रात्रीतल्या रोहिणीच्या मागे निघाली आहे. बाहेरच्या माणसाला काही हलताना दिसायचंही नाही. तारा इतका हळू चालतो की त्याच्या मागे चालणारं यंत्र उभंच वाटतं. चहा पिऊन परत आलं की कळायचं, खांब मघाच्या खिडकीसमोरून सरकला आहे. "हे बघत बसणं म्हणजे दही लागताना बघत बसल्यासारखं हाय की," अण्णा म्हणायचा, आणि तरी तोच सगळ्यांत जास्त वेळ बघत बसायचा.

त्याची जागा ठरलेली होती. चकतीच्या कडेला एक बारीक रेघांची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर नजर ठेवणारा एक छोटा सेन्सर. यंत्र नक्की किती फिरलं हे तो सेन्सर सांगतो. हा सेन्सर एका पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटवर बसवलेला होता. अण्णा त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा, उजव्या हातात चहाचा पेला, डावा तळवा ब्रॅकेटवर टेकवलेला. मोटार कशी चालली आहे ते त्याला हाताने कळायचं. ताप बघावा तसा तो हात असायचा, न दाबता, नुसता ठेवलेला. मी समोर टेबलाशी बसून आकडे बदलायची. तो म्हणायचा, वाढव. मी वाढवायची. तो म्हणायचा, जरा कमी. असं तासन्‌तास. जमलं की तो हात न उचलता म्हणायचा, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात जेवताना आई वाढत असली की हाच शब्द असायचा, त्यामुळे त्या कामालाही पोट भरल्याचा एक वास होता.

या कामाला ट्यूनिंग म्हणतात. प्रश्न तसा साधा. यंत्र ताऱ्यापासून जरा मागे पडलं, तर ती चूक किती जोराने सुधारायची? जोर कमी असेल तर यंत्र आळसावतं, तारा पुढे निघून जातो. जोर जास्त असेल तर ते स्वतःच्याच सुधारणेने धांदरतं, पुढे जातं, मागे येतं, थरथरू लागतं. या दोन्हींच्या मधले तीन आकडे शोधायचे असतात. पुस्तकांत त्याचं गणित आहे. अण्णाला ते येत होतं, पण तो म्हणायचा गणिताने गावापर्यंत पोचता येतं, घर विचारावं लागतं.

सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या घरून चिंचोळीला आम्ही स्कूटरवर जायचो. मी मागे. रात्री वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट मी त्याला सकाळी सांगायची. तो स्वतः वर्तमानपत्राखेरीज काही वाचायचा नाही, पण गोष्ट त्याला लागायची. "हं, मास्तरीणबाई, कुटंपर्यंत आलो होतो?" तो विचारायचा, जसं काही तोही वाचत होता. शेवट मात्र सांगू द्यायचा नाही. शेवट तो करायचा, आणि त्याचा एकच शेवट होता: मग सगळे जेवायला गेले. बाई रेल्वेखाली जीव देणार असो की राजाचं राज्य बुडणार असो, सगळे जेवायला जायचे. आता मी सहा आसनी रिक्षाने जाते. कडेला बसते. वाचन चालू आहे, पण बरीच पुस्तकं शेवटाच्या अलीकडे मिटून ठेवली जातात. पुढे वाचून सांगायचं कोणाला, हा हिशेब मनात कुठेतरी चालतो.

लग्न माझं ठरून मोडलं, त्याचं ठरलंच नाही. पार्वतीवैनी म्हणायच्या, "तुमी दोगांनी त्या मशिनीशीच लगीन लावलंय." अण्णा म्हणायचा, सासू नाही, जाच नाही, फक्त लाईट गेली की रुसते.

त्याच्या हयातीतल्या शेवटच्या थंडीत त्याने ते तीन आकडे शोधले. यंत्र रोहिणीच्या मागे दिवसभर गेलं, अण्णा स्टुलावरून उठला नाही आणि आलेखावरची रेघ हलली नाही. वेधशाळेच्या मॅडम आल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बघितलं, समाधानाने मान हलवली. शेवटची चाचणी वरचं बांधकाम झाल्यावर, यंत्र नेण्याआधी घेऊ, असं ठरलं. पण डोंगरावरचं बांधकाम लांबलं. यंत्रावर प्लॅस्टिक घालून आम्ही पुन्हा टॉवेलच्या मागांकडे वळलो. उन्हाळा गेला. श्रावणात अण्णाला ताप आला. साधाच म्हणून घरी काढला, मग दवाखान्यात नेला. तिथे त्याच्या बोटाला चिमटा लावून ठोके पडद्यावर दाखवत होते. सगळं आयुष्य आलेख बघण्यात घालवलेली मी, त्या आलेखाकडे मला बघवेना. मी त्याच्या पायांकडे बघत बसले. आठवडा पुरता झाला नाही.

नंतर सगळ्यांनी मला सावरायला घेतलं. कोणी म्हणालं, शेड विकून टाक. कोणी म्हणालं, पुण्याला भाचीकडे राहायला जा. मामींनी प्राणायामाचा वर्ग शोधून दिला. सगळे मायेनेच म्हणत होते. पण प्रत्येकाचा जोर जरा जास्त होता, आणि मी थरथरत राहिले. कुणीच काही न सुधारता नुसतं शेजारी बसलं असतं तर बरं झालं असतं. तसं बसणारा एकच माणूस मला माहीत होता.

हिवाळ्याच्या तोंडाशी मॅडमचा निरोप आला. वरचं काम झालं होतं. त्या येणार, चाचणी घेणार, यंत्र पास झालं तर लगेच रवाना करायचं. न झालं तर थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. त्यांना बाहेरून तयार यंत्रणा मागवावी लागणार होती, आणि आमचं हे धूड भंगारात जाणार होतं. अण्णाने आयुष्यात बाकी सगळं विणण्याचं आणि गाळण्याचं केलं. दुर्बीण ही एकच. ती त्याने लावलेल्या आकड्यांवर चालावी, एवढंच मला हवं होतं. त्या महिन्यात दुसरं काहीच नको होतं.

आमच्याकडे रफिकभाई फिटर आहेत, अण्णाबरोबर पहिल्या दिवसापासूनचे. आम्ही दोघांनी प्लॅस्टिक काढलं, धूळ पुसली, वायरी तपासल्या. अण्णाचे तीन आकडे होते तसे होते. यंत्र चालू केलं. आधी काही नाही. मग पायाखालून एक बारीक घुंकार आल्यासारखा झाला, वाढला, आणि आलेखावरची रेघ जाड होत होत करवतीसारखी झाली. मी बटण दाबून बंद केलं. रफिकभाई यंत्राकडे बघत राहिले. "बाई, इसकू ताप चढ्या सरका लगरा," ते म्हणाले. मग कुणासमोर काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी टोपी सारखी केली.

पुढचे काही दिवस आम्ही ताप शोधला. पावसाळ्यात उंदरांनी वायर खाल्ली असेल. ग्रीस घट्ट झालं असेल. शेजारचा नवा प्रेस आदळत असेल. एकेक बघितलं, एकेक खोडलं. उंदरांनी खरोखर एक वायर खाल्ली होती, पण ती पंख्याची निघाली. मॅडम येऊन हॉटेलात उतरल्या होत्या. रोज सकाळी येऊन, चहा घेऊन, काही न विचारता कोपऱ्यात आपलं काम करत बसायच्या. त्या न विचारण्याचा मला भार व्हायचा.

अण्णाचं स्टूल त्याच जागी होतं. रफिकभाई झाडताना त्याच्या भोवतीने झाडायचे. मी टेबलाशी, माझ्याच जागी बसायची. त्या दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, थरथर नेमकी कुठून येते ते हाताला कळतं का बघावं असं वाटलं. मी यंत्र चालू केलं, घुंकार सुरू झाल्यावर उठले, आणि त्याच्या स्टुलावर बसले. डावा तळवा ब्रॅकेटवर ठेवला.

आवाज थांबला.

मला वाटलं वीज गेली. पण दिवा चालू होता, मॅडमचा लॅपटॉप चालू होता, रोहिणी आपल्या वाटेने चालली होती. मी हात उचलला. क्षणभर शांतता, मग पुन्हा तो घुंकार. हात ठेवला, थांबला. मी हे किती वेळा केलं मला आठवत नाही. मॅडम उठून जवळ आल्या होत्या. रफिकभाई हातातला पाना घेऊन तसेच उभे होते.

उलगडा अवघड नव्हता. ब्रॅकेट पातळ होतं, मोटारीच्या जोराने ते गुणगुणायचं, सेन्सर त्याच्याबरोबर हलायचा, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटायचं आपणच हललो. ते नसलेली चूक सुधारायला धावायचं. अण्णाचा तळवा ते गुणगुणणं शोषून घेत होता. ते तीन आकडे आम्ही सगळे दिवस त्याचा हात तिथे असताना शोधले होते. त्याचा हात त्या यंत्राचा एक भाग होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. येणार कसं? टेबल, स्टूल, अण्णाचा हात, हे सगळं तिथे असायचंच.

मॅडमनी ब्रॅकेटवर बोट टेकवून बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "वर त्यांचा हात नसेल."

मी हो म्हटलं. पण मनातून मानलं नव्हतं. मी रफिकभाईंना जाड रबराचा तुकडा आणि वाळूची छोटी पिशवी आणायला सांगितली. तळव्याएवढं रबर, त्यावर हाताच्या वजनाएवढी वाळू, पट्ट्याने बांधली. यंत्र चालू केलं आणि रेघ सरळ आली. अण्णाचे आकडे, न बदललेले. मला रडू येईल इतका आनंद झाला. रफिकभाई पिशवीकडे बघून म्हणाले, "अण्णा देखते तो बोलते, मेरे हाथ का वजन इत्ताच क्या?" आम्ही हसलो. त्या शेडमध्ये किती महिन्यांनी कुणी हसलं.

मॅडम हसल्या नाहीत. डोंगरावर थंडीत पाणी दगड होतं, तिथे हे रबर मऊ राहणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी मला खोडून काढलं नाही. एवढंच विचारलं की, हे वर टिकेल असं मी खात्रीने सांगते का. सांगत असेन तर त्या मान्य करतील. पारदर्शक पत्र्यातला उजेड तेवढ्यात स्टुलापर्यंत आला होता. मी पट्टा सोडून वाळूची पिशवी उचलली. मग नाही म्हटलं.

रफिकभाईंनी दुसरं ब्रॅकेट केलं. जाड, मागून दोन ठिकाणी आधार दिलेलं. ते बसवल्यावर मी टेबलाशी बसले. अण्णाचे तीन आकडे समोर पडद्यावर होते. नव्या ब्रॅकेटला ते लागू पडत नव्हते. यंत्र थरथरत नव्हतं, पण झटके देत होतं, दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं. आकडे बदलायला एक बोट पुरतं. मी सकाळभर ते बोट उचललं नाही. मला वाटत होतं, माणूस गेल्यावर त्याच्या काही वस्तू राहतात, स्कूटर राहते, चष्मा राहतो, पण हे तीन आकडे म्हणजे तो स्वतः काय म्हणाला होता ते होतं. तो म्हणाला होता, पुरे. मी आता म्हणणार होते, पुरे नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला आकडा बदलला. वाढव, जरा कमी, असं सांगायला कोणी नव्हतं. मला हाताने काही कळत नाही. मला आलेख वाचता येतो, म्हणून आलेखानेच गेले. एक आकडा किंचित हलवायचा, रोहिणीच्या मागे थोडं जाऊ द्यायचं, रेघ बघायची, लिहून ठेवायचं, पुन्हा. पुस्तक वाचावं तसं, पान न गाळता. अण्णा असता तर कंटाळून बाहेर उसाचा रस प्यायला गेला असता. त्या दिवसांत शेडमध्ये मी जितकी एकटी होते तितकी घरीही कधी नव्हते. घरी निदान त्याची जागा रिकामी असते. इथे मी ती जागा लागूच नये असं यंत्र करत होते.

माझे आकडे त्याच्यापेक्षा सौम्य निघाले. यंत्र तारा पकडायला अण्णाच्या चालीपेक्षा क्षणभर जास्त घेतं. पण पकडल्यावर सोडत नाही.

शेवटच्या चाचणीला मॅडमनी सगळ्यांना यंत्रापासून लांब उभं केलं. कोणी टेकायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. रोहिणी पूर्वेकडून निघाली. आम्ही तिघांनी डबे खाल्ले, चहा घेतला, दाराशी उभं राहून उसाच्या ट्रॉल्या बघितल्या. आत कोणी नसताना यंत्र आपल्या आपण चाललं होतं. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं तेव्हा ती पश्चिमेला टेकली होती, आणि पडद्यावरची रेघ सकाळी होती तशी होती. मॅडमनी तपासून घेतलं, लॅपटॉप मिटला आणि सामान भरता भरता विचारलं, "वर लोक विचारतील. हे ट्यूनिंग कुणी केलं म्हणून सांगू?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत मागवाल्यांनी विचारला होता, साखर कारखान्यांत विचारला होता. उत्तर द्यायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. रफिकभाई पाने पुसत होते, ते थांबले. अण्णाचं नाव सांगितलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. मॅडमनीही ते मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण उद्या वर, बर्फात, यंत्र कधी अडलं, तर ती माणसं ज्याचं नाव सांगितलं असेल त्यालाच हाक मारणार. हाकेला ओ देणारं कोणी हवं.

"मी केलं," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. रफिकभाईंनी पुन्हा पाने पुसायला घेतले.

वरून अधूनमधून फोन येतो. पलीकडचा माणूस आधी माझं नाव घेतो, खात्री करून घेतो, मग यंत्राविषयी बोलू लागतो. त्याच्यामागे मोठा वारा ऐकू येतो. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरते आणि त्याला म्हणते, सांगा, काय होतंय.